परमुलखातील शिंगे

हरणाची शिंगे त्याच्या वंशावरून ठरतात, उत्तम कुळातला नर कोठेही नेऊन सोडला तरी त्याच्या डोक्यावर कुळाला शोभेल असाच मुकुट उगवतो, अशी एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शिकाऱ्यांची समजूत होती, आणि घोड्या-कुत्र्यांच्या वंशावळी जपणाऱ्या उमरावांच्या समाजात ती स्वाभाविकही होती. या समजुतीला मोठा धक्का बसला तो न्यूझीलंडमध्ये, जेथे माणसाने जहाजातून आणून सोडेपर्यंत एकही हरीण नव्हते. १८७१ मध्ये स्कॉटलंडच्या इन्व्हरमार्क येथील रानातून काही तांबडी हरणे दक्षिण बेटावरील ओटॅगो प्रांतात नेण्यात आली. ती देणारे अर्ल ऑफ डलहौसी हे, सातारा आणि नागपूर ही राज्ये खालसा करणाऱ्या गव्हर्नर जनरल डलहौसींचे चुलतभाऊ व वारस होते. इन्व्हरमार्कची जमीन आम्लधर्मी आणि निकस, चारा म्हणजे मुख्यतः हेदरची खुरटी झुडुपे आणि राठ गवत, त्यामुळे तेथील नर पूर्ण वाढले तरी अंगाने बेताचेच राहत, आणि एखाद्याच्या दोन्ही शिंगांना मिळून बारा टोके फुटली की तो ‘रॉयल’ म्हणून नावाजला जाई. त्याच नरांचे वंशज ओटॅगोच्या डोंगरदऱ्यांत तीन-चार दशकांत असे काही वाढले, की त्यांच्या शिंगांची लांबी, जाडी आणि टोकांची संख्या पाहून स्कॉटलंडमधील जाणकारांनाही हे आपल्याच रक्ताचे हरीण आहे यावर विश्वास ठेवणे जड गेले. वंश बदलला नव्हता. बदलली होती ती जमीन आणि त्या जमिनीवर चरणाऱ्या तोंडांची संख्या. परमुलखात शिकार झालेल्या हरणाच्या शिंगांचा विचार या दोन गोष्टींपासूनच सुरू करावा लागतो.

मराठीत ‘शिंग’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या अवयवांसाठी वापरला जातो, त्यामुळे येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. गाय, शेळी, काळवीट किंवा नीलगाय यांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेले केराटिनचे, म्हणजे नखे ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याचे, पोकळ टोपण असते; ते जन्मभर वाढते आणि कधी गळत नाही. चितळ, सांबर, बारशिंगा, भेकर आणि युरोपातील तांबडे हरीण यांचे शिंग मात्र भरीव हाडच असते, ते फक्त नराला येते (याला अपवाद केवळ रेनडियरचा), आणि दरवर्षी गळून पुन्हा नव्याने उगवते. उगवताना त्यावर केसाळ कातडीचे आवरण असते, त्यातून रक्तवाहिन्या खेळतात आणि त्या आवरणाला शिकारी व अभ्यासक ‘मखमल’ म्हणतात. वाढ पुरी झाली की रक्तपुरवठा थांबतो, मखमल वाळते, नर ती झाडांच्या बुंध्यांवर घासून काढतो आणि खाली उरते ते कठीण, टोकदार हाड. ताडोबा किंवा मेळघाटाच्या रानात गळलेली चितळ-सांबरांची शिंगे अनेकदा कुरतडलेली आढळतात, कारण साळिंदर त्यांतील कॅल्शियम व फॉस्फरससाठी ती दातांनी खरवडते. शिंग ही जमिनीतील खनिजांची कशी साठवण आहे हे साळिंदराला शिकाऱ्याच्याही आधी कळलेले असावे.

ही वाढ प्राण्याला फार महाग पडते. मोठ्या जातींच्या नरांत शिंग दिवसाला एक-दीड सेंटीमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते, आणि एवढे हाड तीन-चार महिन्यांत उभे करण्यासाठी रोजच्या चाऱ्यातील खनिजे अपुरी पडत असल्याने शरीर स्वतःच्या बरगड्यांमधून व इतर हाडांमधून कॅल्शियम काढून शिंगांकडे वळवते, आणि पुढे शिंगे पुरी झाल्यावर ती हाडे हळूहळू भरून काढते. शरीराने आपली गरज भागवून उरलेले द्रव्यच शिंगांवर खर्च करावे असा निसर्गाचा हिशेब असल्यामुळे, चारा कमी पडला की पहिली काटछाट शिंगांवर होते. शिंगांचा आकार वय, आहार आणि आनुवंशिकता या तीन गोष्टींवर ठरतो असे सर्व पाठ्यपुस्तके सांगतात; परंतु या तिघांचे वजन सारखे नसते आणि शिकारी ज्याला सर्वांत मोठे मानत आले ते वजन, म्हणजे रक्त, मोकळ्या रानात बहुधा सर्वांत कमी जाणवते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील रम नावाच्या बेटावर १९५३ पासून तांबड्या हरणांचा अभ्यास चालू आहे, आणि तेथील अनेक पिढ्यांच्या नोंदींवर आधारलेल्या २००२ मधील एका प्रसिद्ध शोधनिबंधाचा निष्कर्ष असा होता, की शिंगांचा आकार काही प्रमाणात आनुवंशिक आहे आणि मोठ्या शिंगांच्या नरांना संतती अधिक होते, तरीही पिढ्यान्‌पिढ्या शिंगे मोठी होत गेलेली नाहीत. त्याचे कारण असे, की ज्या नराला चांगले खाणे मिळाले त्याला शिंगेही मोठी आली आणि संततीही अधिक झाली. दोन्ही गोष्टी चाऱ्याची फळे होती, एक दुसरीचे कारण नव्हती. त्याच बेटाच्या उत्तर भागात १९७० च्या दशकात हरणे मारणे थांबवल्यावर माद्यांची संख्या वाढत गेली आणि नरांची शिंगे लहान होत गेली.

स्कॉटलंडमध्ये ‘हमल’ म्हणून ओळखले जाणारे, जन्मभर शिंगे न येणारे नर अधूनमधून आढळतात, आणि हा दोष रक्तातून पसरेल या भीतीने शिकाऱ्यांच्या पिढ्यांनी ते दिसताक्षणी मारले. संशोधकांनी अशा एका हमलापासून संतती घेतली तेव्हा त्याच्या मुलग्यांना व्यवस्थित शिंगे आली. लहानपणी झालेल्या उपासमारीची शिक्षा रक्ताला देण्याची ही चूक पुढे न्यूझीलंडमध्ये अधिक मोठ्या प्रमाणावर झाली.

तत्पूर्वी ‘ट्रॉफी’ मोजतात कशी हे पाहिले पाहिजे, कारण मापाची पद्धत बदलली की उत्तम हरणाची व्याख्याही बदलते. लंडनमधील रोलंड वॉर्ड या प्राणी भरून ठेवण्याचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थांनी १८९२ मध्ये मोठ्या शिकारींच्या मापांची नोंदवही प्रसिद्ध केली, आणि हिंदुस्थानातील संस्थानिक व इंग्रज अधिकारी आपल्या वाड्यांतील व बंगल्यांतील शिंगांची लांबी इंचांत मोजून तिच्यात नाव लावू लागले. मध्य युरोपात हंगेरियन तज्ज्ञ हर्बर्ट नाडलर यांच्या नावाचे सूत्र रूढ झाले, ज्यात लांबी, घेर व वजन यांच्या जोडीला रंग, पृष्ठभागाचा खरबरीतपणा आणि टोकांवरील मुकुटाची शोभा यांनाही गुण मिळतात. म्हणजे फूटपट्टी आणि तराजू यांच्याबरोबर परीक्षकाची दृष्टीही कामाला लागते. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबची पद्धत डाव्या-उजव्या शिंगातील तफावतीबद्दल गुण कापते, फक्त उत्तर अमेरिकेतील मूळच्याच प्राण्यांची नोंद घेते आणि उंच कुंपणाच्या आत मारलेले जनावर स्वीकारत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी उदयास आलेल्या सफारी क्लब इंटरनॅशनलने याच्या उलट मार्ग धरला: जेवढे हाड तेवढी बेरीज, तफावतीची कपात नाही, आणि परमुलखात रुजलेल्या जातींसाठी तसेच कुंपणाआडच्या जनावरांसाठी स्वतंत्र वर्ग. परदेशी हरणांच्या शिकारीचा जागतिक बाजार या शेवटच्या पद्धतीवर उभा राहिला यात नवल नाही, कारण बाजाराला शोभेपेक्षा बेरीज सोयीची असते. न्यूझीलंडने मात्र नॉर्मन डग्लस यांनी बांधलेली, समतोलाला महत्त्व देणारी स्वतःची पद्धत राखली आणि ती ऑस्ट्रेलियातही वापरली जाते.

न्यूझीलंडची भूमी हरणांसाठी किती वेगळी होती याची कल्पना येण्यासाठी एवढे सांगणे पुरे, की वटवाघळे आणि किनाऱ्यावरील सील सोडले तर तेथे मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. तेथील झाडाझुडपांवर एके काळी मोआ हे प्रचंड, उडता न येणारे पक्षी चरत, परंतु माओरींचे पूर्वज आल्यानंतर तेही नामशेष झाले, आणि त्यानंतर काही शतके ती पाने कोणीच खाल्ली नाहीत. अशा भूमीवर इंग्रज वसाहतवाल्यांनी ‘ॲक्लिमटायझेशन सोसायटी’ या नावाच्या, म्हणजे परदेशी प्राणी, पक्षी व मासे नव्या मुलखात रुजवण्यासाठी स्थापलेल्या, मंडळ्यांमार्फत हरणे आणली. पहिले तांबडे हरीण १८५१ मध्ये नेल्सन येथे उतरले. १८६२ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या विंडसर उद्यानातील हरणे आली व त्यांच्यापासून वायरारापा भागातील कळप वाढला. १८९७ मध्ये बकिंगहॅमशरच्या स्टोक पार्कमधील हरणे राकाया नदीच्या खोऱ्यात सोडली गेली. या आयातीमागे एक सामाजिक भावनाही होती: मायदेशात हरणाची शिकार हा जमीनदारांचा मक्ता होता आणि नव्या देशात ती परवान्याचे पैसे भरणाऱ्या कोणालाही करता यावी अशी वसाहतवाल्यांची इच्छा होती. पुढे १९०१ मध्ये सरकारने पर्यटनाचे खाते उघडले, आणि त्याचे प्रमुख टॉमस डॉन यांनी जगभरच्या श्रीमंत शिकाऱ्यांना आकर्षित करण्यासाठी आणखी जाती मिळवल्या. १९०५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी वापिटी ही प्रचंड अंगाची हरणे भेट दिली, आणि १९०७ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने शॅमॉय हे डोंगरी जनावर पाठवले.

पहिल्या महायुद्धाच्या आधीची सुमारे वीस वर्षे हा ओटॅगो आणि राकाया येथील शिंगांचा सुवर्णकाळ मानला जातो. ओटॅगोतील हावेआ सरोवराच्या वरच्या अंगाच्या खोऱ्यांत कळप दरवर्षी नव्या, न चरलेल्या रानात पुढे सरकत होते. प्रत्येक नव्या दरीत रुंद पानांची, रसाळ आणि कधीही न खुडलेली झुडुपे त्यांना मिळत होती, आणि वाघ-लांडग्यांसारखा शत्रू कोठेच नव्हता. कॅनडातील प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेरियस गाइस्ट यांनी पुढे या अवस्थेचे तत्त्व मांडले: नवा मुलूख व्यापणाऱ्या कळपात मुबलक चाऱ्यामुळे शरीरे व शिंगे मोठी होतात, आणि मुलूख भरून गेलेल्या कळपात तीच जात काटकसरीच्या, आखूड रूपात जगते. एकाच बियाण्याचे हलक्या माळावर आणि काळ्या कसदार जमिनीत येणारे पीक जसे वेगळे, तसेच हे. गाइस्ट यांनी यासाठी ज्या पुराव्याचा आधार घेतला त्यात फ्रान्झ फोक्ट या मध्य युरोपातील शिकारी-संशोधकाचे प्रयोग महत्त्वाचे आहेत. फोक्ट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुंपणातील तांबड्या हरणांना तेल गाळून उरलेली तिळाची पेंड भरपूर खाऊ घातली, आणि काही पिढ्यांत त्यांचे नर आसपासच्या रानातील नरांना खुजे ठरवतील एवढे वाढले. दुभत्या जनावराला पेंड घालणाऱ्या शेतकऱ्याला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही, पण वंशशुद्धीच्या कल्पनांनी भारलेल्या त्या काळात तो निष्कर्ष गैरसोयीचा होता.

ओटॅगोची शिंगे बिघडू लागली तेव्हा शिकाऱ्यांनी दोष रक्ताला दिला. इनमिन आठ-दहा जनावरांपासून हजारोंचा कळप झाला, म्हणजे भाऊबहिणींतच पैदास झाली असणार, हा तर्क वरवर पाहता बिनतोड होता. म्हणून वाकड्या, अपुऱ्या शिंगांचे नर वेचून मारण्याचे आणि नवे रक्त आणण्याचे उपाय सुचवले व केले गेले, परंतु माद्यांना मात्र संरक्षण राहिले. मादी मारायची नाही, कारण ती पुढच्या नरांची आई, हा शिकाऱ्यांचा दंडकच कळपाच्या मुळावर आला, कारण वाचलेल्या प्रत्येक मादीने दरवर्षी एकेक तोंड वाढवले. आवडीची झाडे रोपांच्या अवस्थेतच संपली, हिवाळ्यात उपासमार होऊ लागली, आणि मागच्या पिढीला मिळालेली शिंगे पुढच्या पिढीला मिळेनाशी झाली. न्यूझीलंडमध्ये काम केलेल्या थेन रायनी आणि ग्रेम कॉघली यांनी १९६० च्या दशकात व १९७० च्या आरंभी या घटनेला शास्त्रीय रूप दिले. नव्या मुलखात सोडलेला खुरी प्राणी आधी झपाट्याने वाढतो, मग चाऱ्याच्या मर्यादेच्या वर जातो, नंतर कोसळतो आणि शेवटी खालावलेल्या वनस्पतींशी जुळवून घेत कमी संख्येवर स्थिरावतो. कॉघली यांचा १९७० चा प्रसिद्ध निबंध हिमालयातून आणलेल्या ताहर या रानबकऱ्यासारख्या प्राण्यावर होता, पण त्यातील आलेख तांबड्या हरणालाही लागू पडतो. मोठ्या शिंगांचा काळ या आलेखाच्या पहिल्या चढणीवर असतो, शिखरावर नव्हे. कळप सर्वांत मोठा दिसतो तेव्हा शिंगे आधीच उतरणीला लागलेली असतात, आणि शिकारी हरणे मोजून खूश असतो.

डोंगरउतारांची झाडी विरळ झाल्याने माती वाहून जाईल आणि नद्या गाळाने भरतील या भीतीने १९३० मध्ये सरकारने ‘हरणांचे संकट’ या विषयावर परिषद भरवली, हरणांचे कायदेशीर संरक्षण काढून घेण्यात आले, आणि १९३१ पासून कॅप्टन येरेक्स यांच्या देखरेखीखाली पगारी शिकारी डोंगरांत पाठवले जाऊ लागले. पूर्वी जिच्यासाठी परवाने दिले, ती शिकार आता सरकारी खर्चाने होऊ लागली. १९६० च्या दशकात हेलिकॉप्टरमधून हरणे मारून त्यांचे मांस, मुख्यतः पश्चिम जर्मनीला, निर्यात करण्याचा धंदा निघाला आणि त्याने सरकारी शिकाऱ्यांना जे जमले नव्हते ते करून दाखवले. उघड्या डोंगरमाथ्यांवरील संख्या कोसळली. चारा परत आला, तरी शिंगे लगेच परतली नाहीत, कारण आता दुसरी अट तुटली होती: तांबड्या हरणाच्या नराला पूर्ण शिंगे येण्यासाठी आठ-दहा वर्षे तरी जगावे लागते, आणि हेलिकॉप्टरच्या युगात नरांना ते वय गाठता येत नव्हते. आहार आणि वय या दोन गोष्टी मोकळ्या रानात एकत्र क्वचितच लाभतात. गर्दी असते तेव्हा वय असते पण खाणे नसते, गर्दी विरळ केली की खाणे असते पण वय नसते.

या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या करण्याचा मार्ग निघाला तो कुंपणाच्या आत. १९६९ मध्ये न्यूझीलंडने हरीणपालनाला कायदेशीर मान्यता दिली, हेलिकॉप्टरवाल्यांनी मारण्याऐवजी जाळी टाकून जिवंत हरणे पकडायला सुरुवात केली, आणि मांस तसेच कोरियात औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या मखमली अवस्थेतील शिंगांसाठी कळप वाढवले गेले. पालकांच्या हाती एकदा वंशावळ, सकस कुरण आणि खनिजांचा पुरवठा आल्यावर रक्ताचा वाटाही मोजता येऊ लागला, कारण सर्वांना खाणे सारखेच भरपूर असेल तर उरलेला फरक मुख्यतः रक्ताचाच असतो. इंग्लंडमधील उद्यानांतले आणि मध्य युरोपातले नामवंत नर आणून निवडक पैदास झाली, आणि काही दशकांत अशी शिंगे उगवली की ज्यांच्यापुढे हंगेरी, रोमानिया व बल्गेरियाच्या रानांतील, म्हणजे तांबड्या हरणाच्या मूळ मुलखातील, सर्वोत्तम शिंगेही इंचांच्या बेरजेत मागे पडतात. परदेशी पाहुण्याला या नरांची शिकार खाजगी, कुंपणबंद रानात करता येते आणि दर बहुधा शिंगांच्या गुणसंख्येनुसार ठरतो. म्हणजे नर मारण्यापूर्वीच त्याचे माप व मोल दोन्ही माहीत असतात. या शिंगांना निकृष्ट म्हणता येणार नाही, हाड म्हणून ती अस्सलच आहेत. परंतु जत्रेतील प्रदर्शनात पारितोषिक मिळवणाऱ्या बैलाची तुलना जशी रानगव्याशी कोणी करत नाही, तशी या नराची तुलना रानातील नराशी करण्यात अर्थ उरत नाही, आणि नोंदवह्यांनी त्यांचे वर्ग वेगळे ठेवले हे योग्यच झाले.

महाराष्ट्रातील वाचकाच्या परिचयाची हरणेही याच वाटेने जगभर गेली आहेत. चितळ १८६८ मध्ये हवाईतील मोलोकाई बेटावर सोडले गेले. हाँगकाँगमार्गे आलेली ती राजा पाचव्या कामेहामेहा यांना मिळालेली भेट होती. १९२० मध्ये ते लानाई बेटावर आणि १९५९ च्या सुमारास माउईवर नेले गेले, आणि न्यूझीलंडप्रमाणेच हवाईतही मूळचे सस्तन प्राणी म्हणजे केवळ वटवाघूळ व सील असल्याने पुढची कथाही तशीच घडली; २०२१ मधील दुष्काळात मोलोकाईवर शेकडो चितळे उपासमारीने मेली. टेक्सासमध्ये चितळ १९३२ मध्ये आले, आणि १९८८ च्या गणतीत त्यांची संख्या सुमारे ३९ हजार भरली. तेथील कायद्यानुसार परदेशी खुरी प्राणी शिकारीच्या संरक्षित जातींत मोडत नाहीत, त्यामुळे त्यांना ना हंगाम ना मर्यादा, आणि जमीनमालक ते वर्षभर शिकाऱ्यांना दाखवू शकतो. चितळाच्या शरीरधर्माची यात मोठी सोय झाली आहे: तांबड्या हरणाची शिंगे दिवसाच्या लांबीनुसार एका ठरावीक ऋतूत गळतात व येतात, तर उष्ण कटिबंधातील चितळाच्या नरांचे वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही, म्हणून कळपात कोणाची ना कोणाची शिंगे कठीण व तयार असतातच.

टेक्सासच्या शिकाऱ्यांच्या बोलीत तीस इंचांचा चितळ हा चांगला नर. ताडोबा, पेंच किंवा कान्हाच्या रानांशी तुलना करता हा आकडा थक्क करणारा नाही, कारण भारतातील जुन्या नोंदींत चाळीस इंचांच्या आसपासची शिंगेही आहेत. परमुलखात चितळाची शिंगे ओटॅगोसारखी उसळलेली दिसत नाहीत याचे कारण कदाचित असे, की मूळ मुलखातच त्याला स्कॉटलंडच्या हरणासारखे निकस रान वाट्याला आलेले नव्हते. नदीकाठचे गवत, मोह-बेहड्याची फळे आणि माकडांनी झाडावरून टाकलेला पाला यांवर वाढणाऱ्या जनावराला टेक्सासचा खडकाळ माळ आणखी काय देणार? तेथे त्याला मिळते ते वय, कारण वाघ व रानकुत्रे नसल्याने नर टिकतात. सांबराचे उदाहरण तर उलट्या बाजूचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १८६० च्या दशकात आलेली सांबरे मुख्यतः श्रीलंकेतील होती, जेथील सांबराची शिंगे मध्य भारतातील सांबरापेक्षा लहान असतात, आणि दीडशे वर्षे उत्तम जंगलात राहूनही त्या कळपातील शिंगांनी सातपुडा-विंध्यातील जुन्या, पन्नास इंचांना भिडलेल्या नोंदी ओलांडल्या नाहीत. आहार मोठा खरा, पण त्याला रक्ताने आखलेली एक कमाल मर्यादा असते, हे येथे मान्य करावे लागते.

चितळ मूळ मुलखाबाहेर गेल्याचे उदाहरण भारताच्या हद्दीतही आहे. अंदमान बेटांवर ते ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत नेले, आणि शिकारी प्राणी नसल्याने ते बेटामागून बेट पोहत जाऊन पसरले. तेथील जंगलाच्या तळातील रोपे त्यांनी संपवल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ हा चंद्रपूरच्या चितळासाठी रास्त असला, तरी अंदमानच्या चितळाबाबत त्याने वनखात्याला पेचात टाकले, कारण एकच जनावर एके ठिकाणी वाघाचा आधार आणि दुसरीकडे जंगलाचा भार ठरते.

रूझवेल्ट यांनी पाठवलेल्या वापिटींची कथा यापेक्षा गुंतागुंतीची झाली. न्यूझीलंडमधील फिओर्डलँडच्या दुर्गम खाड्यांत सोडलेली ही हरणे आरंभी भव्य शिंगे देत होती, पण पूर्वेकडून पसरत आलेल्या तांबड्या हरणांनी त्यांचा चाराही घेतला आणि त्यांच्याशी संकरही केला, कारण दोन्ही जाती एकमेकींना इतक्या जवळच्या आहेत की त्यांची संतती प्रजननक्षम असते. १९४९ मध्ये न्यूझीलंड व अमेरिका यांच्या संयुक्त मोहिमेने तेथे अभ्यास केला तेव्हा हा संकर स्पष्ट दिसत होता. येथे मात्र रक्ताचा प्रश्न खरा होता, आणि वंशशुद्धी मानणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांना तेवढ्यापुरते बरोबर म्हणावे लागेल. २०१३ मध्ये न्यूझीलंडने कायदा करून शिकारीच्या जनावरांसाठी स्वतंत्र परिषद नेमली आणि काही कळपांना ‘विशेष हिताचा कळप’ असा दर्जा देण्याची तरतूद केली. फिओर्डलँडमधील वापिटींची व्यवस्था आता शिकाऱ्यांचीच एक संस्था पाहते. दरवर्षी ती हेलिकॉप्टर घेऊन खोऱ्यांवरून फिरते आणि शेकडो जनावरे मारते, त्यांत तांबड्या हरणांसारखे दिसणारे संकरित नर असतात आणि माद्या तर मोठ्या संख्येने असतात; उरलेल्या वापिटींना खाणे पुरावे आणि नरांना वय गाठता यावे एवढ्यासाठी.